एचआयव्हीची माहिती सांगण्याचे बंधन कोणावर, किती?

रक्ततपासणीचा अहवाल 'पॉझिटिव्ह' आला, की उपचारांइतकाच बिकट प्रश्न रुग्णापुढे उभा राहतो : हे सांगायचे कोणाला? जोडीदाराला, घरच्यांना, की कचेरीतील वरिष्ठांना? १० सप्टेंबर २०१८ रोजी लागू झालेल्या 'एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७' मध्ये याचे उत्तर आहे.

कायद्याचे मूळ सूत्र गोपनीयतेचे आहे. न्यायहितासाठी न्यायालयाने आदेश दिल्याखेरीज कोणालाही आपली एचआयव्ही स्थिती उघड करण्याची सक्ती करता येत नाही. नोकरी, शिक्षण किंवा उपचारांसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालण्यासही मनाई आहे. त्यामुळे वरिष्ठांना सांगण्याचे बंधन नाही.

जोडीदाराबाबत मात्र जबाबदारी येते. समुपदेशन झालेल्या बाधित व्यक्तीने संसर्ग टाळण्यासाठी वाजवी खबरदारी घेतली पाहिजे, असे कलम १० सांगते. धोका कमी करणारे उपाय योजणे किंवा शरीरसंबंधापूर्वी अथवा सुई सामायिक वापरण्यापूर्वी आपली स्थिती सांगणे, हे त्याचे मार्ग होत.

रुग्ण सांगतच नसेल तर? जोडीदाराला संसर्गाचा मोठा धोका असल्यास, रुग्णाचे समुपदेशन करूनही तो सांगणार नाही याची खात्री पटल्यास आणि त्याला पूर्वकल्पना दिल्यानंतर डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला प्रत्यक्ष भेटून माहिती देऊ शकतात. तसे करण्याची त्यांच्यावर सक्ती नाही. रुग्ण स्त्री असेल आणि तिला मारहाण किंवा घराबाहेर काढले जाण्याची रास्त भीती असेल, तर ही माहिती देता येत नाही. अशा स्त्रीला शरीरसंबंधाबाबतचे कलम १० चे बंधनही लागू होत नाही.

या तरतुदींमागे जुना वाद आहे. रुग्णालयाने माहिती उघड केल्यामुळे एका तरुणाचे लग्न मोडले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये नियोजित वधूच्या जीविताच्या हक्काला झुकते माप दिले. मात्र बाधितांच्या विवाहाच्या अधिकाराविषयी त्या निकालात केलेली विधाने अनावश्यक होती, असे याच न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले.

जीवघेण्या रोगाचा संसर्ग निष्काळजीपणे पसरवण्याचे कृत्य भारतीय न्याय संहितेच्या कलम २७१ नुसार, तर दुष्ट हेतूने केलेले कृत्य कलम २७२ नुसार गुन्हा ठरते. त्यासाठी अनुक्रमे सहा महिने आणि दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

जोडीदाराला कसे सांगावे, हा पेच असल्यास सरकारी रुग्णालयांतील समुपदेशन केंद्रांत मोफत मार्गदर्शन मिळते. १०९७ हा राष्ट्रीय मदत क्रमांकही उपलब्ध आहे.