विश्लेषण : सीडीवरून सुरू होणारी संगणक प्रणाली दर वेळी ‘कोरी’ कशी?

तिकीट देणारे किंवा माहिती दाखवणारे यंत्र दर वेळी बिनचूक सुरू व्हावे लागते. मध्येच वीज गेली आणि हार्ड डिस्कवरील एखादी फाइल बिघडली, तर यंत्र अडून बसते. यावरचा एक उपाय म्हणजे सगळी प्रणाली सीडीवर ठेवणे. पण जिच्यावर नव्याने काहीच लिहिता येत नाही, त्या सीडीवरून प्रणाली चालते कशी?

‘इमेज’ म्हणजे काय?

एका ठरावीक कामासाठी यंत्रातच बसवलेल्या प्रणालीला ‘एम्बेडेड’ म्हणतात. मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये ‘विंडोज एक्सपी एम्बेडेड’ आणली. तिच्या सुट्या घटकांतून हवे तेवढेच निवडून प्रणाली बांधता येई. अशा बांधलेल्या प्रणालीची संपूर्ण प्रत म्हणजे ‘इमेज’. सीडीवर जायचे असेल तर ती साधारण ७०० एमबीत बसवावी लागते.

संगणकाला सीडी कशी कळते?

फिनिक्स टेक्नॉलॉजीज आणि आयबीएम यांनी १९९५ मध्ये ‘एल टोरिटो’ हे मानक मांडले. सीडीवरील माहिती २,०४८ बाइटच्या सेक्टरमध्ये विभागलेली असते. शून्यापासून मोजल्यास सतराव्या सेक्टरमध्ये एक नोंद असते. ती ‘बूट कॅटलॉग’चा पत्ता देते आणि सुरुवातीचा प्रोग्राम कुठे आहे, हे कॅटलॉग सांगतो. संगणकातील ‘बायोस’ हा माग काढत प्रणाली सुरू करतो.

मग अडचण कोणती?

विंडोज चालू असताना सतत काही ना काही लिहीत असते : रजिस्ट्रीतील बदल, नोंदी, तात्पुरत्या फाइल. सीडीवर ते शक्य नाही. इथे ‘एन्हान्स्ड राइट फिल्टर’ कामी येतो. लिहिण्याचा प्रत्येक आदेश तो अडवतो आणि मजकूर रॅममध्ये ठेवतो. नकाशावर पारदर्शक कागद ठेवून खुणा कराव्यात, तसेच हे. खुणा दिसतात, पण नकाशा कोराच राहतो. वीज गेली की कागदही जातो.

इमेज कशी तयार करतात?

आधी इमेजमध्ये ‘एल टोरिटो’ आणि राइट फिल्टर हे घटक निवडतात आणि बदल रॅममध्ये ठेवण्याचा पर्याय देतात. मात्र पहिला बूट हार्ड डिस्कवरूनच करावा लागतो. त्या वेळी प्रणाली यंत्राचे भाग ओळखते, ड्रायव्हर बसवते आणि हे सारे कायमचे लिहून ठेवते. सीडीवर ते जमणार नाही. त्यानंतर ‘ईटीप्रेप’ हे साधन प्रणालीला सीडीसाठी तयार करते, ‘एचडी-टू-आयएसओ’ त्या विभाजनाची आयएसओ फाइल बनवते आणि ती सीडीवर बर्न केली जाते.

फायदा किती, धोका किती?

विषाणू शिरला तरी यंत्र बंद करून सुरू केले की तो नाहीसा होतो. पण ज्या फटीतून तो आला, ती सीडीवर तशीच असते. ती बुजवायची तर नवी इमेज, नवी सीडी आणि प्रत्येक यंत्राजवळ जाऊन अदलाबदल. शिवाय एक्सपी एम्बेडेडला मायक्रोसॉफ्टचा आधार जानेवारी २०१६ मध्ये संपला. दिवसभराचा हिशेब दुसरीकडे पाठवला नसेल, तर तोही विजेबरोबर जातो. यंत्र खूप दिवस बंदच केले नाही, तर साचलेल्या बदलांनी रॅम भरून ते अडकू शकते.

तुमच्या फोनशी संबंध काय?

अँड्रॉइड फोनमध्येही मूळ प्रणालीचा भाग केवळ वाचण्यासाठी असतो आणि तुमचे फोटो, अॅप वेगळ्या भागात राहतात. म्हणून ‘फॅक्टरी रीसेट’नंतर फोन पुन्हा कोरा होतो. फरक एवढाच, की फोनच्या मूळ प्रणालीला अपडेट मिळू शकते. सीडीवरची प्रणाली बर्न केली त्या दिवशी जशी होती तशीच राहते. म्हणूनच इमेज बांधणाऱ्याने आधी एकच गोष्ट ठरवायची असते : यंत्राने काय विसरलेले चालेल आणि काय नाही.