वीस बाजूंचा फासा आणि पोलादी चिलखत

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळणाऱ्या मंडळींत एक वाद हमखास रंगतो. चिलखत घातल्याने माणूस काही चपळ होत नाही, वार अंगावर येणारच. मग या खेळात चिलखतामुळे वार 'चुकतो' कसा? म्हणजे नियमच खोटा. आक्षेप ऐकायला बिनतोड वाटतो. माझ्या मते मात्र त्यात बोट चुकीच्या जागी ठेवले आहे. चिलखताच्या नियमांत खोट आहे, पण ती इथे नाही.

आधी नियम पाहू. प्रत्येक पात्राचा एक 'आर्मर क्लास' असतो. हल्ला करणारा वीस बाजूंचा फासा टाकतो, त्यात आपल्या कौशल्याचा आकडा मिळवतो. बेरीज त्या आकड्याला पोचली तर घाव बसला. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत साध्या चामडी चिलखताचा आकडा ११ आणि पोलादी पत्र्यांच्या पूर्ण चिलखताचा १८. हल्लेखोराकडे ५ ची भर असेल, तर पहिल्यावर शंभरातले ७५ वार बसतील, दुसऱ्यावर ४०. आता कळीची गोष्ट अशी, की इथे 'बसला' म्हणजे अंगाला लागला असे नव्हे. इजा करण्याजोगा बसला, एवढाच त्याचा अर्थ. प्रतापगडाचा प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. १६५९ च्या नोव्हेंबरात अफझलखानाने केलेला वार शिवाजी महाराजांच्या अंगावर आला, तो कपड्यांखालच्या चिलखताने अडवला. वार लागला, जखम झाली नाही. फाशाच्या हिशेबात तो वार फुकट गेलेलाच धरायचा, आणि हा हिशेब मला अगदी रास्त वाटतो.

दुसरी पद्धतही आहे. १९७८ च्या 'रूनक्वेस्ट' या खेळात वार शरीराच्या कोणत्या भागावर बसला ते ठरते आणि तिथले चिलखत त्या इजेतून काही आकडे वजा करते. त्याचे एक रचनाकार स्टीव्ह पेरिन हे मध्ययुगीन लढाईचा हौसेने सराव करणाऱ्यांपैकी होते, आणि ते नियमांत जाणवते. चित्र जास्त बारकाईचे उमटते, पण प्रत्येक वारामागे हिशेब वाढतो आणि लढाई रेंगाळते. यातली एक पद्धत खरी आणि दुसरी खोटी असे म्हणता येत नाही.

वजनाबद्दलचा समज मात्र साफ चुकीचा आहे. सरदाराला यारीने उचलून घोड्यावर बसवावे लागे, ही कल्पना लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या १९४४ च्या 'हेन्री द फिफ्थ' चित्रपटातही दिसते आणि अजून लोकांच्या डोक्यात घट्ट बसली आहे. प्रत्यक्षात पंधराव्या शतकातले युद्धाचे पूर्ण पोलादी चिलखत साधारण २० ते २५ किलोंचे असे, आणि ते वजन अंगभर विभागलेले असे. भाल्यांच्या झुंजींसाठी केलेली चिलखते याहून जड होती. गोंधळ बहुधा तिथून आला. बूसिको नावाच्या फ्रेंच सेनानीच्या चरित्रात तो शिरस्त्राण सोडून बाकी सगळे चिलखत अंगावर घालून कोलांटी मारत असे, अशी नोंद आहे. खेळात मात्र जड चिलखत चढवले की चपळाईच्या गुणाचा आर्मर क्लासला काडीचाही उपयोग होत नाही. हा नियम वेगवेगळ्या पात्रांत तोल राखण्यासाठी आहे, इतिहासातून आलेला नाही.

कापडाची तर या खेळात फारच उपेक्षा झाली आहे. यादीत सर्वांत खाली असते ते शिवलेले जाड कापडी चिलखत. पण आपल्या गोधडीसारखे थरावर थर घालून घट्ट टाचलेले हे कापड युरोपातल्या साध्या शिपायाचा मोठा आधार होते. फ्रान्सच्या अकराव्या लुईच्या काळातल्या आज्ञेत असे अंगरखे कापडाचे पंचवीस-तीस थर आणि वर हरणाचे कातडे लावून करावेत, असे सांगितले आहे. तिसऱ्या क्रुसेडच्या वेळी सलाहुद्दीनच्या पदरी असलेल्या बहाउद्दीनने लिहून ठेवले आहे, की अंगावर कित्येक बाण रुतलेले असतानाही फ्रँक, म्हणजे युरोपीय, शिपाई निवांत चालत होते. आणि कापडाहून वरचढ ठरवलेले 'खिळे ठोकलेले चामडे'? तसे चिलखत मध्ययुगीन युरोपात वापरात होते, याला भरवशाचा पुरावा नाही. कापडाच्या आत पोलादी पट्ट्या रिव्हेटने बसवलेले एक चिलखत असे. बाहेरून फक्त रिव्हेटची डोकी दिसत. जुनी चित्रे पाहणाऱ्यांनी तीच डोकी चामड्यातले खिळे समजली असावीत.

माझी खरी तक्रार तलवारीबद्दल आहे. पोलादी पत्रा तलवारीने कापला जात नाही. म्हणून फिओरे देई लिबेरी या इटालियन उस्तादाच्या पंधराव्या शतकारंभीच्या ग्रंथात योद्धे एका हाताने तलवारीचे पाते मधोमध धरून तिचे टोक काखेत किंवा शिरस्त्राणाच्या फटीत खुपसताना दिसतात. १९७१ च्या 'चेनमेल' या युद्धखेळात कोणते शस्त्र कोणत्या चिलखतावर किती चालते याचा तक्ता होता. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या १९७८ च्या 'प्लेअर्स हँडबुक'मध्येही तसा तक्ता आला, पण किचकट म्हणून अनेकांनी तो बाजूला ठेवला. आता पत्र्यावर तलवार चालवली काय आणि लढाऊ हातोडा चालवला काय, फाशाला फरक पडत नाही. ही उणीव मोठी आहे, कारण चिलखताने शस्त्रे आणि लढण्याची रीतच बदलली होती.

दुसरी उणीव दमण्याची. २०११ मध्ये लीड्स विद्यापीठातल्या संशोधकांनी चिलखत घातलेल्या अनुभवी माणसांना ट्रेडमिलवर चालवले आणि पळवले. चालण्यासाठी लागणारी ऊर्जा दुपटीहून जास्त निघाली. पायांवरचा भार प्रत्येक पावलाला उचलावा लागतो आणि छातीवरच्या पत्र्यामुळे खोल श्वास घेता येत नाही. १४१५ मध्ये आझेंकूरच्या लढाईत चिखलातून चालत गेलेले फ्रेंच सरदार इंग्रजांपर्यंत पोचेपर्यंत थकले होते, ते याचमुळे. खेळात मात्र पुरेशी ताकद असलेले पात्र पूर्ण चिलखतात बिनचिलखत सोबत्याच्याच वेगाने हवे तितके लढते. कडक उन्हाचा एक नियम तेवढा जड चिलखतवाल्याला त्रास देतो. डंजन मास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, आपल्या टेबलावर एकच बदल करायचा असेल, तर आर्मर क्लासला हात लावू नये. लढाई लांबली की जड चिलखतवाल्याला काटकपणाची एक चाचणी द्यायला लावावी, आणि ती हुकली तर त्याला थकव्याची एक पायरी द्यावी.