तिसऱ्याचे मत कोणाचे?

पंढरपूर तालुक्यातील करकंब गावाची राजकीय वाटणी विलक्षण आहे. तहसील कचेरी पंढरपूरला आणि वारीची वाटही तिकडेच. परंतु 2008 च्या पुनर्रचनेपासून या गावाचा आमदार माढ्याचा आणि खासदारही माढ्याचाच. 2009 साली या नव्या लोकसभा मतदारसंघातून श्री. शरद पवार तीन लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून आले. त्यांच्याविरुद्ध राष्ट्रीय समाज पक्षातर्फे उभे राहिलेले श्री. महादेव जानकर तिसरे आले. त्यांच्या पदरी सुमारे 98 हजार मते पडली. तेव्हा शहाण्यांनी निर्णय दिला, ही मते वाया गेली.

2019 साली शेजारच्या सोलापूर मतदारसंघात भारतीय जनता पक्षाचे जयसिद्धेश्वर स्वामी यांनी श्री. सुशीलकुमार शिंदे यांचा 1,58,608 मतांनी पराभव केला. तिसऱ्या क्रमांकावरील श्री. प्रकाश आंबेडकर यांना 1,70,007 मते होती. या वेळी त्याच शहाण्यांचा आक्षेप बदलला: यांनी मते खाल्ली!

तिसरा पक्ष निकाल बदलू शकला नाही तर तो निरुपयोगी, आणि बदलू शकला तर घातक, असा हा न्याय आहे. त्याच्या मुळाशी असलेले गृहीतच आम्हांस मान्य नाही. मतदाराचे मत म्हणजे कोणा पक्षाच्या सातबाऱ्यावर चढलेली वडिलोपार्जित जमीन नव्हे, की तिसऱ्याने त्यात नांगर घातला म्हणून अतिक्रमणाची ओरड करावी. सोलापुरातील ते पावणेदोन लाख मतदार, आंबेडकर उभे नसते तर, झाडून सारे शिंद्यांच्याच मागे गेले असते हे कोणी कशावरून ठरविले? त्यांतील कित्येक घरीच बसले असते.

अमेरिकेत हाच वाद अधिक मोठ्या आवाजात चालतो. 2000 साली फ्लोरिडात बुश अवघ्या 537 मतांनी पुढे राहिले. तेथे ग्रीन पक्षाच्या राल्फ नेडर यांना 97 हजारांवर मते होती. गोर यांच्या अनुयायांनी नेडर यांना अद्याप क्षमा केलेली नाही. 1992 साली रॉस पेरो यांनी देशातील सुमारे 19 टक्के मते मिळविली, तथापि अध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींपैकी एकही त्यांच्या वाट्यास आला नाही. कारण बहुतेक राज्यांत पहिला येईल त्यालाच त्या राज्याचे सारे प्रतिनिधी मिळतात. आपल्याकडेही एका मताने पुढे असणारा सर्व काही घेऊन जातो. दोष असेल तर तो या पद्धतीचा आहे.

आणि तरीही तिसऱ्यांचे काम उरते. 1892 साली अमेरिकेतील शेतकऱ्यांच्या पॉप्युलिस्ट पक्षाने चढता प्राप्तिकर आणि सिनेटरांची थेट लोकांकडून निवड या मागण्या मांडल्या, तेव्हा त्यांची टवाळी झाली. पक्ष थोड्याच वर्षांत विरून गेला. 1913 साली प्राप्तिकर आणि थेट निवडणूक या दोन्ही गोष्टी घटनादुरुस्तीने आल्या. मागणी राहिली, पक्ष राहिला नाही.

पक्षही राहावा असे वाटत असेल तर काय करावे लागते, हे पाहण्यास अमेरिकेपर्यंत जाण्याचे कारण नाही; सांगोला पुरे. काँग्रेसमधून बाहेर पडून शेतकरी कामगार पक्ष काढणारे शंकरराव मोरे आणि केशवराव जेधे पुढे स्वगृही परतले. परंतु सांगोल्याचे गणपतराव देशमुख 1962 पासून 2014 पर्यंत अकरा वेळा त्याच लाल बावट्याखाली निवडून आले. 1972 आणि 1995 साली ते पडले, पण पडल्यावर तालुका सोडून गेले नाहीत. दुष्काळी मुलुखाच्या पाण्यासाठी आटपाडीच्या पाणी परिषदांत ते नागनाथअण्णा नायकवडी यांच्याबरोबर राहिले. जानकरांनी दुसरी वाट धरली. 2014 साली भाजपच्या युतीत जाऊन ते 2016 साली मंत्री झाले. तीही वाट त्याज्य नव्हे. मात्र तिच्यात पक्षाचे वजन मोठ्या मित्राच्या तराजूवर ठरते.

गणपतराव 2021 साली निवर्तले. त्याआधी 2019 साली त्यांचे नातू अनिकेत सांगोल्यात 768 मतांनी पराभूत झाले होते. 2024 साली दुसरे नातू बाबासाहेब विजयी झाले. सांगोल्यात टिकला तो पक्ष, की घराणे? उमेदवाराचे आडनाव देशमुख नसेल अशा निवडणुकीपर्यंत या प्रश्नाचे उत्तर आम्ही राखून ठेवतो.