बेहाला, अँबॅसडर आणि मर्सिडीज

कोलकात्याचे बेहाला म्हटले की क्रिकेटप्रेमींना सौरव गांगुली आठवतो. पण तिथल्या डायमंड हार्बर रोडवर वर्षानुवर्षे मिरवली ती पिवळी अँबॅसडर टॅक्सी. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली ही गाडी 1950 च्या दशकाअखेरीपासून हुगळीकाठच्या उत्तरपाड्यात तयार होई. 1995 मध्ये पुण्यात मर्सिडीज ई-क्लासची जुळणी सुरू झाली. वेग, ब्रेक, सुरक्षितता यांत अँबॅसडर तिच्या पासंगालाही पुरत नाही. हँडल वळवताना चालकाचे दंड भरून येतात, ते वेगळेच!

मात्र पावसाळ्यात बेहालात पाणी तुंबते, तेव्हा हिशेब बदलतो. अँबॅसडर बंद पडली, तर कोपऱ्यावरचा मिस्त्री पाना-पक्कड घेऊन तिला बहुधा जागीच चालू करतो. मर्सिडीज मात्र उचलून वर्कशॉपमध्ये न्यावी लागते; बिलाचे तर नावच नको.

तरीही अँबॅसडर हटली. 2008 मध्ये उच्च न्यायालयाने कोलकात्यात 15 वर्षांवरील व्यावसायिक वाहनांना मनाई केली. 2014 मध्ये उत्पादनही थांबले. त्यामुळे चालू स्थितीतली टॅक्सीही भंगारात निघाली. मालकाच्या गळ्यात नव्या गाडीचे हप्ते पडले आणि मिस्त्रीचे हक्काचे गिऱ्हाईक गेले.