सही केली म्हणजे मत दिलं का?

मंडळी, मंडईत भाजी घेऊन बाहेर पडलो की कधीतरी कुणीतरी सह्यांचा कागद पुढे करतं. आपण पिशवी सावरत सही करतो. पण तिचं पुढे काय होतं?

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात पुरेशा सह्या जमल्या की विषय थेट मतदानाला जातो. नोव्हेंबर 2023 मध्ये गर्भपाताचा हक्क तिथल्या राज्यघटनेत असाच आला. सुमारे 57 टक्के मतं बाजूने पडली.

आपल्या राज्यघटनेत अशी सोय नाही. आपली सही म्हणजे मागणी. कायदा बदलते ती संसद. गर्भपाताचा 1971 चा कायदा तिनेच केला. 2008 साली मुंबईतलं एक दांपत्य उच्च न्यायालयात गेलं. गर्भाच्या हृदयात दोष होता, पण 20 आठवड्यांची मुदत उलटून गेली होती. परवानगी मिळाली नाही. पुढे अशा याचिका येत राहिल्या आणि 2021 मध्ये काही गटांतल्या स्त्रियांसाठी मुदत 24 आठवडे झाली. म्हणजे तेरा वर्षं गेली.

मग थेट मतदानच बरं, असं वाटेल. पण ज्यांचं नाव या मंडईला आहे, त्या जोतिरावांनी आणि सावित्रीबाईंनी 1863 मध्ये पुण्यात गरोदर विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तेव्हा गावाचं मत घेतलं असतं, तर ते उघडलं असतं का?

म्हणून सही करण्याआधी आपण दोन गोष्टी विचारू या: हा कागद कुणाकडे जाणार? आणि जिचा प्रश्न आहे, तिला कुणी विचारलंय का?