जुन्या शहराची वाट भुईखालून असावी

इंदुरात मेट्रो धावू लागली ती ३१ मे २०२५ रोजी, सुपर कॉरिडॉरच्या मोकळ्या माळावर. तेथे ती खांबांवरून जाते आणि त्यात वावगे काही नाही. रस्ता रुंद, वस्ती नवी. प्रश्न येतो तो सुमारे ३१ किलोमीटरांचे हे वर्तुळ जुन्या शहरात शिरते तेथे. राजवाड्याकडील मार्ग मूळ योजनेतच भुयारी होता. वाद पेटला तो महात्मा गांधी मार्गावर खांब उभारण्याच्या बेतावरून.

खांबांवरचा मार्ग स्वस्त पडतो, हे खरे आहे. भुयाराला दुपटीहून अधिक खर्च येतो आणि वेळही फार लागतो. परंतु या हिशेबात रस्त्याचा उजेड, दुकानांची दर्शनी बाजू आणि घरांच्या सज्जांपुढचे आभाळ कोण धरतो? न्यूयॉर्कच्या थर्ड अ‍ॅव्हेन्यूवर १८७८ साली लोखंडी खांबांवरून आगगाडी सुरू झाली. खालच्या रस्त्याच्या वाट्याला सावली आणि खडखडाट आला. अखेर १९५५ साली मॅनहॅटनमधील तो मार्ग बंद करून पाडण्यात आला. आजचे काँक्रीटचे पूल पुष्कळ शांत असतात, हे मान्य. सावली मात्र तीच!

जवळचा दाखला जयपूरचा. तेही आपल्यासारखेच संस्थानी शहर. तेथे चांदपोल ते बडी चौपड हा तटाच्या आतला मार्ग भुयारी केला आणि २०२० साली तो खुला झाला. वरचे बाजार जागच्या जागी राहिले.

भुयाराने राजवाड्याला हादरे बसतील, ही शंका रास्तच आहे. खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी. त्यात १९८४ च्या आगीची झळ सोसलेली ही वास्तू. म्हणून बोगदा पुरेसा खोल हवा, रुळांखाली कंप शोषणारी बैठक हवी आणि काम चालू असता भिंतींच्या हालचालीची रोज नोंद हवी. स्थानकाची तोंडेही वास्तूपासून अंतर राखून असावीत.

मी गाणे शिकवणारा माणूस. सुरांइतकीच मोकळ्या जागेचीही किंमत असते, हे शिष्यांना पहिल्या दिवसापासून सांगावे लागते. राजवाड्यासमोरचा चौक, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, रात्री जागणारा सराफा यांची शोभा त्यांच्या भोवतालच्या मोकळिकीत आहे. अधिक लागलेला पैसा पुढेमागे फिटेल. एकदा झाकलेले आभाळ परत मिळवायला मॅनहॅटनला सत्त्याहत्तर वर्षे लागली.