मेंदूच्या वेशीवर थांबणारी गोळी
लेखमाला : औषध समजून घेताना | लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण ॲलर्जीची सुरुवात कशी होते ते पाहिले. परागकण, घरातल्या धुळीतले माइट, मांजराच्या अंगावरचा कोंडा अशा निरुपद्रवी गोष्टींना शरीर शत्रू समजते आणि त्यांच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे नाकातल्या, डोळ्यांतल्या आणि त्वचेतल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या वेळी तोच परागकण नाकात शिरला, की मास्ट पेशी आपल्याजवळचा हिस्टामिनचा साठा काही मिनिटांत बाहेर टाकतात. त्या हिस्टामिनला आवरणाऱ्या गोळीविषयी आज बोलू. सेट्रिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन ही नावे मेडिकलच्या दुकानात रोज ऐकू येतात. ‘या गोळीने झोप येत नाही’ असे सांगून त्या दिल्या जातात. झोप का येत नाही, हे कळले की गोळी कशी निवडावी हेही कळते.

हिस्टामिन स्वतः काही करत नाही. पेशींवरच्या एच-१ नावाच्या रिसेप्टरला ते चिकटते आणि मग त्या पेशी कामाला लागतात. नाकातल्या मज्जातंतूंच्या टोकांवरचे एच-१ जागे झाले की खाज सुटते आणि शिंकांवर शिंका येतात. त्याच मज्जातंतूंच्या इशाऱ्याने नाकातल्या ग्रंथी पाणी सोडू लागतात. बारीक रक्तवाहिन्यांवर हिस्टामिन पोचले की त्या फुगतात, त्यांच्या भिंती सैल पडतात आणि रक्तातला द्रव आजूबाजूला पाझरतो. त्वचेत हे घडले, तर लाल, खाजऱ्या गांधी उठतात. त्यालाच आपण अंगावर पित्त उठले म्हणतो.

अँटिहिस्टामिन गोळी हिस्टामिनचा नाश करत नाही आणि ते बाहेर पडण्यापासूनही फारसे थोपवत नाही. तिचे काम रिसेप्टरपाशी चालते. एच-१ रिसेप्टर दोन अवस्थांमध्ये सतत हेलकावत असतो. एकीत तो पेशीला संदेश देतो, दुसरीत गप्प असतो. हिस्टामिन त्याला पहिल्या अवस्थेत धरून ठेवते, तर गोळीतले औषध दुसऱ्या अवस्थेत. त्यामुळे हिस्टामिन आजूबाजूला असले तरी पेशीपर्यंत संदेश जात नाही. मात्र, आधीच पाझरलेला द्रव गोळीने लगेच मागे फिरत नाही. म्हणून त्रास होणार हे ठाऊक असेल, तर गोळी आधी घेतलेली बरी. घरात साफसफाई काढायची असेल, तर तासभर आधी घ्यावी; ठरावीक ऋतूत रोज शिंका येत असतील, तर त्या दिवसांत डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित घ्यावी. यांतल्या बहुतेक गोळ्यांचा परिणाम एक ते तीन तासांत सुरू होतो आणि सुमारे २४ तास टिकतो.

हेच हिस्टामिन मेंदूत मात्र अगदी वेगळे आणि मोलाचे काम करते. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागात चेतापेशींचा एक लहान समूह हिस्टामिन तयार करतो आणि ते मेंदूभर पोचवून आपल्याला जागे, सावध ठेवतो. तिथेही रिसेप्टर तोच, एच-१. जे औषध मेंदूत शिरेल, ते नाकाबरोबर ही जागही बंद करणार.

जुन्या औषधांचे असेच झाले. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये दानिएल बोवे यांनी १९३७ मध्ये हिस्टामिनला अडवणारे पहिले रसायन शोधले. १९५७ च्या नोबेल पुरस्काराने त्यांचा गौरव झाला. १९४० च्या दशकात डायफेनहायड्रामिन, क्लोरफेनिरामिन अशी औषधे आली आणि ॲलर्जीने हैराण झालेल्यांना पहिल्यांदा खरा आराम मिळाला. पण या औषधांचे रेणू लहान आणि चरबीत सहज विरघळणारे होते. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, तरी असे रेणू त्यांच्यातून आरपार जातात. शिवाय ही औषधे ॲसिटिलकोलिन या दुसऱ्या संदेशवाहकालाही अडवतात. त्यातून तोंड कोरडे पडते, प्रोस्टेट वाढलेल्या वृद्धांना लघवी अडते, काही ज्येष्ठांना भ्रमही होतो.

नव्या पिढीच्या औषधांनी नेमकी ही वाट बंद केली. त्यांचे रेणू चरबीत कमी विरघळतात. त्यातूनही आत शिरू पाहणाऱ्या रेणूला केशवाहिन्यांच्या भिंतीतले पी-ग्लायकोप्रोटिन हे प्रथिन पकडून पुन्हा रक्तात ढकलते, वाड्याच्या देवडीवरचा पहारेकरी आगंतुकाला माघारी धाडतो तसे. जपानमधल्या तोहोकू विद्यापीठाच्या संशोधकांनी पेट स्कॅनच्या मदतीने हे मोजले. जुन्या औषधांच्या नेहमीच्या मात्रेने मेंदूतले निम्मे किंवा त्याहून जास्त एच-१ रिसेप्टर व्यापले जातात, तर फेक्सोफेनाडिनने जवळजवळ एकही नाही. सेट्रिझिन या दोन्हींच्या मध्ये, पण फेक्सोफेनाडिनच्या बाजूला आहे. अमेरिकेत तिच्या माहितीपत्रकात दिलेल्या चाचण्यांत १० मिलिग्रॅमची गोळी घेणाऱ्या १०० पैकी सुमारे १४ जणांना पेंग आली; औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ६ होते.

हे यश फुकट मिळाले नाही. टर्फेनाडिन हे झोप न आणणारे औषध अमेरिकेत १९८५ मध्ये बाजारात आले आणि लाखो लोक ते घेऊ लागले. पुढे काही रुग्णांच्या हृदयाच्या ठोक्यांची लय जीवघेणी बिघडल्याचे दिसले. टर्फेनाडिन मेंदूपासून दूर राहत होते, पण हृदयाच्या पेशींतला पोटॅशियमचा मार्ग अडवत होते. एरवी यकृत त्याचे लगेच दुसऱ्या रेणूत रूपांतर करी, म्हणून धोका झाकलेला राहिला. सोबत एरिथ्रोमायसिन किंवा किटोकोनॅझोल घेतले, की यकृताचे ते काम थंडावे आणि मूळ औषध रक्तात साठे. मग संशोधकांना उमगले, की ॲलर्जीवर काम करणारा खरा रेणू यकृतात तयार होणाराच आहे आणि तो हृदयाला त्रास देत नाही. तोच फेक्सोफेनाडिन. त्याला १९९६ मध्ये मान्यता मिळाली आणि १९९८ पर्यंत टर्फेनाडिन अमेरिकेच्या बाजारातून गेले.

यातला सर्वांत गंभीर मुद्दा आता सांगतो. पेंग आली नाही म्हणजे मेंदू शाबूत आहे, असे नसते. आयोवा विद्यापीठाने २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ॲलर्जीच्या ४० रुग्णांना ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर बसवले. डायफेनहायड्रामिन घेतल्यावर त्यांचे एकंदर वाहन चालवणे दारू प्यायल्यावरच्यापेक्षाही वाईट ठरले, आणि तिथे रक्तातले दारूचे प्रमाण आपल्या कायद्याच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त ठेवले होते. फेक्सोफेनाडिन घेतल्यावरचे चालवणे औषध नसलेल्या गोळीइतकेच चांगले होते. आणि आपल्याला किती पेंग येते आहे, या रुग्णांच्या स्वतःच्या अंदाजावरून त्यांचे वाहन चालवणे कितपत बिघडले आहे ते नीट ओळखता येत नव्हते. आपल्याकडे सर्दीच्या कित्येक गोळ्यांत आणि सिरपांत क्लोरफेनिरामिन असते. पाकिटावर ते नाव दिसले, तर एसटीच्या चालकाने, यंत्रावर काम करणाऱ्याने, परीक्षेला बसणाऱ्या मुलाच्या पालकांनी थांबून डॉक्टरांना दुसरा पर्याय विचारावा. चार वर्षांखालच्या मुलांना क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांचे एकत्र औषध देऊ नये, असा इशारा छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये दिला आहे.

नव्या गोळ्यांनाही मर्यादा आहेत. शिंका, खाज, वाहणारे नाक, गांधी यांवर त्या चांगल्या चालतात. चोंदलेल्या नाकावर कमी, कारण तिथे हिस्टामिनखेरीज इतर रसायनांमुळेही सूज असते. गाजर गवताच्या स्पर्शाने उठणारा इसब वेगळ्या पेशींमुळे होतो, त्यामुळे तो या गोळीने बरा होत नाही. फेक्सोफेनाडिन पाण्याबरोबरच घ्यावी. संत्रे, मोसंबीच्या जातीचे ग्रेपफ्रूट किंवा सफरचंद यांचा रस हे औषध आतड्यातून शोषले जाण्यात अडथळा आणतो. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर सेट्रिझिनची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. आणि दंश, औषध किंवा खाण्यातून अचानक श्वास कोंडला, घसा सुजला, चक्कर आली, तर गोळीच्या भरवशावर राहू नये. तिथे ॲड्रेनालिनचे इंजेक्शनच जीव वाचवते. रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

तेव्हा पुढच्या वेळी गोळी घेताना ती किती ‘स्ट्राँग’ आहे हे विचारण्यापेक्षा तिच्यातल्या औषधाचे नाव विचारा आणि ते मेंदूत किती शिरते ते विचारा. नाकाला आराम देऊन आपले भान शाबूत ठेवणारे औषध आज सहज मिळते. ते मागून घेणे हा रुग्णाचा हक्क आहे.

पुढील लेखांकात : चोंदलेले नाक आणि स्टिरॉइडचे स्प्रे.